मागच्या सीटवरचा श्वास

टायर निवडायला ताईला पाच आठवडे लागले. लोक राहायला घर बघतात तेव्हासुद्धा इतक्या फेऱ्या मारत नाहीत. टायरवाल्या काकांच्या दुकानात ती एवढ्या वेळा गेली की शेवटी शेवटी तिला लांबून येताना बघितलं की काका काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने आतल्या खोलीत जायला लागले. ताई दारातल्या टायरांच्या चळतीपाशी उभी राहायची, एकेकाच्या खाचांमधून बोट फिरवायची आणि काका बाहेर आले की तोच प्रश्न विचारायची. "याचा आवाज किती येतो?"

काकांचं निम्मं आयुष्य टायर विकण्यात गेलेलं. गिऱ्हाईक विचारतं, किती चालेल, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागेल ना, पंक्चर फार होत नाही ना. आवाजाचं कोणी विचारलंच तर जाता जाता, पायरी उतरताना. ही बाई मात्र आवाजावरून हलायला तयार नाही. काकांनी मनाशी ठरवून टाकलं की असेल काहीतरी खूळ.

खूळ नव्हतं. ताईला गाडी चालवताना मागच्या सीटवर बसलेल्या मुलीचा श्वास ऐकू यायला हवा होता. बाकी टायर चौकोनी निघाले असते तरी तिने तक्रार केली नसती.

ताई म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानातली ताई. खरं नाव तिथल्या हजेरीबुकात असेल. मालकापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे ताईच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. दुकानाच्या मागच्या अंगाला पडद्याआड एक अरुंद खोली आहे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची आणि लाकडी पेटीत ओळीने लावलेली भिंगं. माणसाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" दिवसातून शंभर वेळा तरी हा प्रश्न. अकरा वर्षांत त्यातून तिला एक सवय लागली होती, ती म्हणजे पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. तेच भिंग काढून परत घालायचं आणि पुन्हा विचारायचं. माणसं घाईने हो म्हणतात, भिडेखातर हो म्हणतात, आणि काही बहाद्दर तर आधीच्या माणसाचं ऐकून तक्ता पाठ करून खुर्चीत बसतात. अशांना ताई शेवटच्या ओळीपासून उलटं वाचायला लावायची. तिला फसवणं सोपं नव्हतं, आणि तिला त्याचा थोडासा तोराही होता.

घरी नवरा, सासरे आणि सात वर्षांची ठमी. ठमीची श्वासनलिका जन्मापासून अरुंद. म्हणून डॉक्टरांनी तिच्या गळ्याला समोरून छोटं छिद्र पाडून तिथे एक नळी बसवली होती. ठमी नाकाने नाही, त्या नळीने श्वास घ्यायची, आणि त्यामुळे तिला आवाज नव्हता. बोलायची ती हातांनी, भुवयांनी, जीभ टाळ्यावर आपटून काढलेल्या टक-टक आवाजांनी. फारच महत्त्वाचं असेल तर पाटीवर लिहून. भांडायचीसुद्धा पाटीवर, आणि समोरच्याने उत्तर द्यायच्या आत पुसून टाकायची.

नळीत अधूनमधून कफ साठायचा. साठला की पाणी जायच्या बेतात असलेल्या नळासारखी बारीक खरखर यायची. ती ऐकू आली की हातातलं टाकून छोट्या मशीनने कफ ओढून घ्यायचा. मिनिटभराचं काम, पण ते मिनिट चुकवून चालायचं नाही. घरात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. सासरे पेपर वाचता वाचता म्हणायचे, "बघा गं तिच्याकडे," आणि तोवर कोणीतरी उठलेलं असायचं.

गाडीतली गोष्ट वेगळी. दर बुधवारी ठमीला दोन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. नवरा पंपहाऊसमध्ये, गावाला पाणी सोडायच्या पाळीवर. बुधवारी त्याला सुटका नसे. ताईची सुट्टी बुधवारची. म्हणून सात जणांची ती मोठी गाडी, मागे मशीन, ऑक्सिजनचं नळकांडं, नळ्यांची पिशवी, मधल्या सीटवर ठमी आणि स्टिअरिंगवर ताई एकटी. सुरुवातीला सासरे ठमीजवळ बसायचे. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की पाच मिनिटांत मान कलायची, आणि मग असे घोरायचे की गाडीत नक्की कोणाचा श्वास ऐकायचा हेच ताईला कळेना. त्यांना घरी ठेवलेलं बरं असं ठरलं. बोटाला लावायचा एक चिमटाही होता, श्वास कमी पडला की ओरडणारा. पण गाडी खड्ड्यात गेली तरी तो ओरडायचा आणि वळली तरी ओरडायचा. हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टरनी सांगून टाकलं, "गाडीत त्या यंत्राच्या नादी लागू नका. आपले कान उघडे ठेवा."

ताई कान उघडे ठेवायची. कानात प्राण आणून गाडी चालवायची. पण गाडीचे टायर सासऱ्यांनी पसंत केलेले, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे. "खडकावरून ने, चिखलातून ने, मागे वळून बघणार नाहीत," असं त्यांचं मत. या घरातलं कोणी खडकावरून कुठे जाणार होतं ते त्यांनाच ठाऊक. डांबरी रस्त्यावर ते टायर झिजून करवतीच्या दातांसारखे झाले होते. हात एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर बोटाला टोचायचे. साठच्या पुढे गेलं की गाडीभर एक घुमणारा आवाज भरून राहायचा. त्यात माणूस ओरडला तरच ऐकू येणार. ठमी ओरडू शकत नव्हती.

आणि मग तो बुधवार. ठमी डुलकी लागून एका बाजूला कलली होती. ताईने आरशात बघितलं, झोपली आहे म्हणून बरं वाटलं, आणि ती समोर बघायला लागली. पुलाच्या अलीकडे तिने परत आरशात बघितलं तर ठमीचे ओठ जांभळे.

गाडी तिने कशी थांबवली, मागचं दार कसं उघडलं, हे तिला आजही सांगता येत नाही. मशीन चालू केलं, नळी साफ केली, ऑक्सिजन लावला. ठमीच्या छातीने एकदा झटका दिला, मग दुसऱ्यांदा, मग श्वास सुरू झाला. ओठांवर रंग यायला लागला. तेव्हा ताई रस्त्याच्या कडेला, उघड्या दारापाशी खडीवर बसली आणि मोठ्याने रडली. शेजारून ट्रक जात होते. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि ठमीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही हं. आजोबांनाही नाही. आपल्या दोघींत."

ठमीने मान डोलावली.

का सांगायचं नाही? कारण नवरा म्हणाला असता, उद्यापासून तू गाडी चालवू नकोस. आणि त्याचं चुकलंही नसतं. मग बुधवारी ठमीला कोण नेणार? भाड्याच्या गाडीतला परका ड्रायव्हर रस्त्यात थांबेल का, कफ काढताना बघून त्यालाच घेरी येईल का? शिवाय खरं कारण याहून खोल होतं, आणि ताई ते स्वतःशीसुद्धा धड बोलायची नाही. माझ्या मुलीचा श्वास अडला आणि मला, तिच्या आईला, ऐकू आला नाही. हे वाक्य तोंडातून बाहेर काढायचं तिचं धाडस नव्हतं.

म्हणून टायर. टायर गुन्हेगार ठरले की सगळं सोपं होतं.

"टायर बदलू या," ती एका रात्री जेवताना म्हणाली. "आवाजाने माझं डोकं उठतं."

नवरा सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी तो पट्टी घेऊन गाडीखाली वाकला आणि खाचांची खोली मोजून आला. "अगं, अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. वर्षभर बघायला नको."

"वर्षभर माझं डोकं उठणार."

"मग काचा बंद ठेव."

"काचा बंदच असतात!" ताई एवढ्या जोरात ओरडली की सासऱ्यांच्या हातातला पेपर खाली आला. ठमी पाटीवर काहीतरी काढत होती. तिने वर बघितलं, आणि मग पुन्हा खाली. नवऱ्याने मुकाट्याने पट्टी खणात ठेवली. "बदलू या," तो म्हणाला. "एवढं काय त्यात."

आता ताईला वेगळीच धास्ती. निवडलेला टायर चुकीचा निघाला तर? तिने टायरवर चिकटवलेली लेबलं वाचली. त्यांवर आवाजाचा आकडा असतो, कोणाचा अडुसष्ट, कोणाचा एकाहत्तर. तिने वहीत सगळे उतरवून काढले आणि सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवून काकांना म्हणाली, "हे द्या."

काका प्रामाणिक निघाले. "ताई, हा आकडा रस्त्याच्या कडेला उभं राहून मोजतात. गाडी जवळून गेली की बाहेरच्याला किती ऐकू येतं, त्याचा आहे हा. आत बसणाऱ्याचा नाही."

"मग आतला आकडा कुठे लिहिलाय?"

"आतला कोणीच लिहीत नाही."

ताई तिथल्याच एका टायरवर बसली. काकांना तिचा चेहरा बघून पहिल्यांदाच वाटलं की हे खूळ नसावं. त्यांनी तिला दोन टायर दाखवले. एकाच्या खाचा लहान-मोठ्या, मुद्दाम सारख्या न ठेवलेल्या, म्हणजे त्यांचा आवाज एका सुरात येऊन घुमत नाही. दुसऱ्यात त्या खाचा तशाच, शिवाय आतून गादीसारखा फोमचा पट्टा चिकटवलेला. "पण ऐकल्याशिवाय मी तरी काय सांगणार? प्रत्येक गाडी निराळी."

ऐकल्याशिवाय! मग ऐकायचंच, असं ताईने ठरवलं. एका दुपारी ठमी झोपलेली असताना तिने फोन तिच्या गळ्याशी धरून श्वासाचा आवाज भरून घेतला. नंतर नळी साफ करायच्या आधीची खरखरसुद्धा. मग स्वतःच्या गाडीत, ठमीच्या जागी उशीवर तो आवाज लावलेला फोन ठेवून, ती एकटीच रस्त्यावर गेली. चाळीसला श्वास ऐकू आला. पन्नासला खरखर तेवढी कळली. साठला काहीच नाही. ते 'काहीच नाही' ऐकत ती मैलभर तशीच गेली आणि परत आली.

काकांच्या गिऱ्हाइकांत एक दातांची डॉक्टरीण होती. तिची गाडी याच बनावटीची, आणि तिने फोमचे टायर घातलेले. ताई तिच्या दवाखान्यात जाऊन, दात दुखणाऱ्या माणसांच्या रांगेत बसून, नंबर आल्यावर म्हणाली, "माझे दात ठीक आहेत. मला तुमच्या गाडीतून एक चक्कर मारायची आहे." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू हिला दातांच्या नाही, दुसऱ्याच डॉक्टरांकडे पाठवायला हवं. पण कारण ऐकल्यावर त्यांनी ॲप्रन काढला. अर्ध्या तासाने दोघी मोठ्या रस्त्यावर होत्या. ताई पुढे, फोन मागे उशीवर. साठला श्वास ऐकू आला. सत्तरला आला. ऐंशीला खरखर इतकी स्पष्ट ऐकू आली की डॉक्टरीणबाईंनी दचकून मागे बघितलं. ताईने त्यांना परत फिरवून पुन्हा तोच रस्ता धरायला लावला. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्यांदाही ऐकू आलं. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, बाहेर माझे पेशंट गाल धरून बसलेत."

सोमवारी चारही टायर बसले. बुधवारी ताई निघाली. नवीन रबराचा वास गाडीत भरलेला. मोठा रस्ता लागला, काटा साठवर गेला, सत्तरवर गेला, आणि मागून, अगदी खांद्यामागून आल्यासारखा, ठमीचा श्वास ऐकू आला. आत, बाहेर. आत, बाहेर. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ताईने खांदे सैल सोडले.

"ऐकू येतंय मला!" ती आरशात बघून हसत म्हणाली. "ठमे, तू श्वास घेतेस ना, सगळं ऐकू येतंय. किती छान ऐकू येतंय!"

ठमी आरशात तिच्याकडे बघत होती. ती पण हसली.

मध्येच एकदा श्वास ऐकू येईनासा झाला. ताईने गाडी तिथल्या तिथे कडेला घेतली, धावत मागे गेली. काही नव्हतं. ठमी खिडकीतून शेतातला घोडा बघत होती, एवढंच. पुढे असं आणखी दोनदा झालं. प्रत्येक वेळी ताईचा चेहरा पांढराफटक. त्यानंतर मात्र श्वास एकदाही बंद झाला नाही. हॉस्पिटल येईपर्यंत लख्ख ऐकू येत राहिला.

पुढच्या बुधवारी ठमी हॉस्पिटलात उतरली तेव्हा तिला धरावं लागलं. चक्कर येतेय, असं तिने हाताने दाखवलं. आणि बोटांत मुंग्या. आजवर तिला असं कधी झालं नव्हतं. नळी स्वच्छ होती, ओठ लाल होते. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. त्यानंतरच्या बुधवारी पुन्हा तेच, जरा जास्तच.

ताईला सुचायला वेळ लागला नाही. नवीन काय आहे? टायर. तो वास! फोम चिकटवायला लावलेला गोंद! त्याची वाफ गाडीत शिरत असणार आणि नळीतून थेट मुलीच्या छातीत जात असणार. नाक तरी थोडं गाळतं; हिला तर नाकाचा आधारही नाही. आपण आपल्या हाताने, पाच आठवडे निवडून निवडून, मुलीला विष आणून दिलं. रात्ररात्र ती छताकडे बघत पडायची आणि नवऱ्याने काय झालं विचारलं की म्हणायची, "काही नाही, दुकानातलं काम."

तिने काकांना धारेवर धरलं. काका बिचारे गुडघ्यांवर बसून चारही चाकांचा वास घेऊन उठले. "मला तर फक्त रस्ता हुंगल्यासारखं वाटतंय. पण तुमची इच्छा असेल तर फोमवाले काढून दुसरे घालतो. आवाज थोडा वाढेल, हे आधीच सांगतो."

आवाज वाढेल. म्हणजे टायर बदलले तर श्वास ऐकू येणार नाही आणि ठेवले तर श्वासच नीट चालणार नाही. ताईने एक बुधवार मागून घेतला. त्या बुधवारी तिने वास जावा म्हणून मागच्या दोन्ही काचा उघड्या ठेवल्या. वाऱ्याचा एकच कल्लोळ. तरीही ठमीचा श्वास ऐकू येत होता, नेहमीपेक्षा मोठा. काहीतरी एक चांगलं घडतंय, असं ताईला वाटलं. हॉस्पिटलच्या फाटकाशी ठमीची मान कलली. बोटं आखडून वेडीवाकडी झाली होती.

तिला उचलून आत नेलं. तासाभरात ती ठीक होऊन पलंगावर पाय हलवत बसली. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठाकठीक. ताई भिंतीला टेकून मोठ्या सिस्टरना गोंदाबद्दल सांगत होती, एकसारखी, न थांबता. सिस्टर पंचवीस वर्षं याच वॉर्डात काढलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चला," त्या म्हणाल्या, "मला तुमची गाडी दाखवा."

त्या ठमीशेजारी मागे बसल्या. "मला कसला वास येत नाही. जरा चालवा बघू. फाटकाबाहेरून वळसा घालून या."

ताईने गाडी काढली. फाटक ओलांडून रस्त्याला लागली, वेग घेतला, आणि मागून तो ओळखीचा आवाज आला. आत, बाहेर. आत, बाहेर.

"ऐकलंत सिस्टर?" ताई म्हणाली. तेवढ्याही स्थितीत तिच्या आवाजात कौतुक होतं. "इतका स्पष्ट ऐकू येतो आता. टायर तसे चांगलेच आहेत हो."

सिस्टर ठमीकडे बघत होत्या. गाडी सुटल्याबरोबर ठमी पाठ ताठ करून बसली होती. नजर पुढच्या आरशावर, आईच्या डोळ्यांवर खिळलेली. खांदे वर उचलून, पोट आत ओढून ती एकेक श्वास जोर लावून घेत होती आणि जोर लावून सोडत होती, दोरीवर उड्या मारणाऱ्या पोरीसारखी.

"गाडी थांबवा," सिस्टर म्हणाल्या.

गाडी थांबली. आरशातून आईचे डोळे हलले तसा ठमीचा श्वास एकदम हलका झाला, रोजच्यासारखा.

"बाळा," सिस्टरनी विचारलं, "एवढ्या जोरात श्वास का घेत होतीस?"

ठमीने आईकडे बघितलं. मग पाटी घेतली, लिहिलं, आणि आईला दिसणार नाही अशी सिस्टरकडे धरली. सिस्टरनी ती वाचली आणि हळूच वळवून ताईपुढे केली.

पाटीवर होतं: आईला ऐकू जावं म्हणून.

ताईला आधी काही कळलंच नाही. ठमीने पाटी ओढून घेतली, पुसली, पुन्हा लिहिलं. नाही ऐकू गेलं तर ती गाडी थांबवते आणि रडते. पुन्हा पुसलं. या वेळी लिहायला जास्त वेळ लागला. पुलापाशी रडली होती तशी. बाबांना सांगायचं नाहीये.

तक्ता पाठ करून आलेल्या कित्येकांना ताईने पकडलं होतं. आणि तिची स्वतःची मुलगी चार बुधवार, जाताना दोन तास आणि येताना दोन तास, तिच्या पाठीमागे बसून श्वास वाचून दाखवत होती. आणि ती पुढे बसून म्हणत होती, किती छान. ताईने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडायचंही तिला भय वाटलं, कारण मागे ठमी बघत होती.

"पुलापाशी काय झालं होतं?" सिस्टरनी विचारलं. ताईने सांगितलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य तिने तोंडाबाहेर काढलं, आणि पुढे बघतच काढलं. सिस्टर ओरडल्या नाहीत. "तासन्‌तास असा जोर लावून श्वास घेतला की चक्कर येते, बोटं आखडतात; गोंदाचा काही दोष नाही. आणि एका माणसाने गाडी चालवायची आणि श्वासही राखायचा, हे कोणालाच जमत नाही," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतंत तर मी तेव्हाच सांगितलं असतं. आता घरी फोन करा."

नवऱ्याने फोन उचलला तेव्हा मागे पंपांची धडधड चालू होती. ताईने सगळं सांगितलं, पुलापासून पाटीपर्यंत.

"आणि मी पट्टी घेऊन खाचा मोजत बसलो होतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "तिथेच थांब. तू चालवू नकोस. मी येतोय."

तू चालवू नकोस. हेच तीन शब्द ऐकायला लागू नयेत म्हणून तिने एवढा उपद्व्याप केला होता. आता ते ऐकून तिला बाकावर बसता आलं, पाठ टेकता आली. पाळी दुसऱ्याच्या गळ्यात मारून, दोन बस बदलून तो तीन तासांनी आला, कामाच्या कपड्यांतच. ठमीला त्याने उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. ताईला तो फक्त एवढंच म्हणाला, "बुधवारची पाळी मी बदलून मागतो. नाही मिळाली तर बघू, पण आता दोघं जायचं." आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

परतताना ताई मागे बसली, ठमीला लागून. तिला या गाडीत बसलेलं ताईने इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. पाय जमिनीला टेकत नाहीत आणि गुडघे सारखे हलत असतात, हेही तिला आजच दिसलं. मोठा रस्ता लागला. टायर खरोखर चांगले होते, गाडीत शुकशुकाट.

"ठीक आहे ना ती?" नवऱ्याने विचारलं.

"आहे."

दोन मिनिटं गेली. "झोपली का?"

"नाही. जागी आहे."

पुन्हा दोन मिनिटं. आरशात त्याचे डोळे सारखे मागे येत होते. "अगं, काहीच ऐकू येत नाहीये मला. नक्की ठीक आहे ना?"

ठमीने आरशात बाबांकडे बघितलं. तिची पाठ ताठ झाली, खांदे वर उचलले गेले, आणि तिने छाती भरून एक मोठा, ऐकू जाईल असा श्वास घेतला.

ताईने पटकन तिच्या छातीवर हात ठेवला. "नको," ती म्हणाली. "घाबरू दे त्यांना. घाबरायचं काम आमचं आहे, तुझं नाही."

ठमी तिच्याकडे बघत राहिली, खरं बोलतेय की नाही ते तपासल्यासारखी. मग खांदे खाली आले. धरलेला श्वास तिने हळूहळू सोडला. त्यानंतरचा इतका हलका होता की शेजारी बसूनही ताईला तो ऐकू आला नाही. तिने हात तिथेच ठेवला.